देखभाल संपलेला राउटर : शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठाची आखणी

प्रास्ताविक

नागपूर-रायपूर महामार्गावर भंडारा व साकोली यांच्या दरम्यान लाखनी हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. लाखनी, मुरमाडी, पालांदूर, पोहरा या परिसरातील शिक्षक दिवसभराचे अध्यापन आटोपून घरी परततात, तेव्हा त्यांच्या कामाचा दुसरा भाग पुष्कळदा सुरू होतो. विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लसवर भरणे, शालार्थ प्रणालीतील वेतनाच्या नोंदी पाहणे, वरिष्ठ कार्यालयाने मागविलेले तक्ते पाठविणे, बँकेचे व्यवहार करणे ही कामे घरच्या इंटरनेटवरून होतात. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल क्रमांक असा नाजूक ऐवज त्यांत असतो.

हा सर्व ऐवज घरातील ज्या एका लहानशा पेटीतून ये-जा करतो, तिला राउटर म्हणतात. ती पेटी एकदा भिंतीवर बसविली की वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. दिवे लुकलुकत आहेत व मोबाईलला वायफाय मिळत आहे, तोवर यंत्र ठीक आहे, असे समजले जाते. ही समजूत अपुरी आहे. यंत्र चालू असणे ही एक गोष्ट आणि ते सुरक्षित असणे ही दुसरी. निर्मात्या कंपनीने ज्याची देखभाल थांबविली आहे असा राउटर पूर्वीइतकाच उत्तम चालतो. किंबहुना तो चालतो म्हणूनच त्याचा धोका लक्षात येत नाही.

या विषयाचा शाळेशी आणखी एक संबंध आहे. घरी नवा राउटर आला म्हणजे जुना शाळेला द्यावा, असा विचार एखाद्या शिक्षकाच्या किंवा पालकाच्या मनात सहज येतो. हेतू स्तुत्य असतो. परंतु घरासाठी जुने झालेले यंत्र शाळेसाठी मात्र चालेल, हे म्हणणे युक्त नव्हे. कारण घरात एका कुटुंबाची माहिती असते, तर शाळेत साऱ्या गावातील मुलांची.

राउटर म्हणजे काय?

राउटर हा एक लहान संगणकच होय. त्याला पडदा व कळफलक नसतो, एवढाच दृश्य भेद. त्यात माहितीवर प्रक्रिया करणारा घटक असतो, स्मृती असते आणि त्याला चालविणारी आज्ञावली असते. या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. घरातील मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच ही सर्व साधने राउटरशी जोडलेली असतात. बाहेरच्या जगास मात्र या साऱ्यांचा मिळून बहुधा एकच पत्ता दिसतो. बाहेरून आलेली माहिती कोणत्या साधनाकडे धाडावयाची, हे राउटर ठरवितो.

त्याचे दुसरे काम वाट विचारण्याचे आहे. संकेतस्थळे आपणांस नावांनी ठाऊक असतात, पण यंत्रे परस्परांना अंकांच्या पत्त्यांनी ओळखतात. नावावरून पत्ता सांगणारी जी व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. ही पत्त्यांची वही कोणाकडून घ्यावयाची, हे सामान्यतः राउटरमध्ये नोंदलेले असते. ही नोंद कोणी बदलली, तर बँकेचे नाव अचूक टाकूनही माणूस भलत्याच दारी पोहोचू शकतो.

देखभाल संपते म्हणजे नेमके काय होते?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील जुने मालगुजारी तलाव सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी यांपैकी अनेक तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. पुढे अनेक तलावांत गाळ साचला आणि पाळी खचल्या. तलाव त्याच दिवशी फुटला नाही. पाणीही पूर्वीप्रमाणे दिसत राहिले. परंतु पाळीला पडलेले भोक त्याच आठवड्यात बुजविणारा माणूस उरला नाही. तलाव टिकतो तो केवळ मातीच्या बळावर नव्हे, तर अखंड डागडुजीवर.

राउटरचेही असेच आहे. कोणतीही मोठी आज्ञावली सर्वथा निर्दोष नसते. तिच्यातील दोष वापराच्या काळात उघडकीस येतात. कंपनी जोपर्यंत त्या नमुन्याची देखभाल करते, तोपर्यंत ती दोष दूर करणारी नवी आज्ञावली प्रसिद्ध करते. यालाच अपडेट म्हणतात. काही वर्षांनी कंपनी तो नमुना जुना ठरवून हे काम थांबविते. त्या दिवसानंतर सापडलेला दोष सहसा कायमचा राहतो. संगणकांच्या बाबतीत हीच गोष्ट शिक्षकांनी अनुभवली आहे. विंडोज एक्स-पीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. संगणकाच्या पडद्यावर तशी सूचना तरी झळकते. राउटरला पडदाच नसल्याने तो बहुधा मुकाट राहतो.

येथे एक सूक्ष्म मुद्दा ध्यानात घ्यावा. दोष उघडकीस आला की त्याचे वर्णन प्रसिद्ध होते. नव्या यंत्रांच्या दृष्टीने हे हिताचे असते, कारण ती दुरुस्त होतात. जुन्या यंत्रांच्या दृष्टीने मात्र ते घातक ठरते. कारण त्यांची कडी कोठे सैल आहे हे चोरास समजते आणि ती कडी बसविणारा कोणी नसतो. यास्तव देखभाल संपलेल्या यंत्राचा धोका काळाबरोबर वाढतच जातो.

चोर विशिष्ट घर शोधत येतो, असेही नाही. त्याची यंत्रे रात्रंदिवस इंटरनेटवरील लक्षावधी पत्ते चाचपून पाहतात. कोणते दार उघडते एवढेच त्यांना कळते; ते दार मुंबईचे की लाखनीचे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. म्हणून “आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?” हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

संभवणारे धोके

पहिला धोका : गुन्हा दुसऱ्याचा, पत्ता घरमालकाचा. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल आला होता. तपास करता तो नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे आढळले. पोलीस त्यांच्या दारी आले व त्यांना चौकशीस तोंड द्यावे लागले. ई-मेल पाठविणाऱ्यांनी त्यांच्या असुरक्षित वायफायचा गैरवापर केला होता, असे पुढे निष्पन्न झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतील माटुंगा येथील एका महाविद्यालयाच्या जोडणीचाही असाच उपयोग केला गेला. या प्रकरणांत प्रश्न राउटरच्या वयाचा नव्हता, नीट बंद न केलेल्या वायफायचा होता. परंतु त्यातून मिळणारा धडा येथेही लागू पडतो : बाहेरच्या जगास राउटरचा पत्ताच दिसतो, आणि तपास प्रथम त्या पत्त्याच्या मालकाकडेच येतो.

२००८ साली गुन्हेगारास घराच्या जवळपास येऊन वायफाय पकडावे लागले. देखभाल संपलेल्या राउटरच्या बाबतीत तेवढेही श्रम लागत नाहीत; तो हजारो मैलांवरून ताब्यात घेता येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने याविषयी जाहीर इशारा दिला. देखभाल संपलेले जुने राउटर हस्तगत करून त्यांच्यातून जाण्याचा मार्ग गुन्हेगारांना मासिक भाड्याने देणाऱ्या दोन सेवा त्या वेळी बंद करण्यात आल्या. इशाऱ्यात नावानिशी दिलेल्या नमुन्यांपैकी बहुतेक २०१० च्या सुमाराचे होते. राउटरच्या मालकांना आपल्या घरातून परक्यांची रहदारी चालू आहे, याची कल्पना नव्हती.

दुसरा धोका : चुकीची वाट दाखविणे. २०११ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेममधील दोषाचा लाभ घेऊन चोरांनी त्यांतील डीएनएसच्या नोंदी बदलल्या. लोक नेहमीच्या संकेतस्थळाचे नाव टाकीत, पण पोहोचत ते चोरांनी उभारलेल्या हुबेहूब पानावर. संगणक निर्दोष होता, माणसाने नावही अचूक टाकले होते. फसविले ते मधल्या पेटीने.

या धोक्याची अतिशयोक्तीही करू नये. आज बँकांची व शासनाची बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद करून धाडतात, व पान खरे नसल्यास ब्राउझर सहसा इशारा देतो. म्हणून राउटर बिघडला की सर्व पासवर्ड तत्काळ चोरीस जातात, असे नव्हे. परंतु “ही जोडणी सुरक्षित नाही” असा इशारा आल्यावर शेवटच्या तारखेच्या घाईत तो बाजूस सारून माहिती भरणे, हे मात्र स्वहस्ते कुलूप काढून देण्यासारखे आहे. तसा इशारा आल्यास काम तेथेच थांबवावे.

तिसरा धोका : घरचे यंत्र परक्याच्या फौजेत. २०१६ साली मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने कॅमेरे, राउटर अशी असंख्य साधने ताब्यात घेतली. तिची युक्ती साधी होती : कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, त्यांच्या यंत्रांत ती शिरत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांच्या एकवटलेल्या माऱ्याने अमेरिकेतील डीएनएस पुरविणारी एक मोठी कंपनी कोलमडली व अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी शासनाने जाहीर केले की, देखभाल संपलेल्या शेकडो राउटरांचा वापर तेथील महत्त्वाच्या सार्वजनिक सेवांवरील हल्ल्यांसाठी आडोसा म्हणून केला जात होता.

चौथा धोका : यंत्रच निकामी होणे. याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. जुलै २०१७ च्या अखेरीस भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी बंद पडले. ज्या मोडेमांचा मूळ पासवर्ड ‘ॲडमिन’ हाच राहिला होता, त्यांत घातक आज्ञावली शिरली होती. निगमने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. माहिती चोरीस गेली नाही तरी जोडणी तुटणे हीच मोठी हानी होय, हे परीक्षेच्या वा अहवालाच्या दिवसांत शिक्षकांस वेगळे सांगावयास नको.

तपासणी व उपाय

तपासणीस विशेष ज्ञान लागत नाही. अर्धा तास पुरतो.

(१) राउटर उलटा करून त्याखालील चिठ्ठी वाचावी. कंपनीचे नाव, नमुना क्रमांक व त्याची आवृत्ती कागदावर उतरून घ्यावी. एकाच नमुन्याच्या भिन्न आवृत्त्यांची देखभाल भिन्न काळी संपते, म्हणून आवृत्तीची नोंद आवश्यक आहे.

(२) कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर तो नमुना शोधावा. देखभाल संपल्याचे तेथे लिहिलेले असल्यास निर्णय स्पष्टच आहे. तसे लिहिलेले नसले, तरी शेवटची आज्ञावली कोणत्या वर्षाची आहे ते पाहावे. ती अनेक वर्षांपूर्वीची असल्यास कंपनीस विचारणा करावी.

(३) राउटर इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने दिलेला असल्यास तिच्या कार्यालयात लेखी चौकशी करावी व देखभाल संपलेली असल्यास बदलून मागावा.

(४) देखभाल चालू असल्यास नवी आज्ञावली चढवावी. राउटरच्या व्यवस्थेचा पासवर्ड व वायफायचा पासवर्ड हे दोन भिन्न आहेत, दोन्ही बदलावेत. दुरून व्यवस्था पाहण्याची सोय बंद ठेवावी. बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस ही सोयही बंद करावी. वायफायचे कुलूप डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ प्रकारचे असावे; डब्ल्यूईपी हा प्रकार २००१ सालीच कच्चा ठरला आहे.

(५) देखभाल संपलेली असल्यास राउटर बदलावा. नवा येईपर्यंत वरील खबरदारी घ्यावी व राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. काही घातक आज्ञावल्या त्यामुळे तात्पुरत्या नाहीशा होतात. परंतु भोक तसेच असल्याने त्या पुन्हा शिरू शकतात. हा उपाय मलमपट्टीचा होय, औषधाचा नव्हे.

(६) नवा घेताना केवळ वेग व किंमत न पाहता “याची देखभाल कोणत्या वर्षापर्यंत होईल?” असे दुकानदारास विचारावे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा साधनांच्या देखभालीचा किमान काळ जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे व सोपे सामाईक पासवर्ड घालून ती विकण्यास मनाई आहे. स्वस्तात मिळणारा वापरलेला राउटर घेण्यापूर्वी वरील तपासणी अवश्य करावी.

(७) जुना राउटर टाकून देण्यापूर्वी त्यातील नोंदी मूळ स्थितीस आणून पुसाव्यात व तो ई-कचरा म्हणून द्यावा. तो दुसऱ्यास भेट देऊ नये, शाळेस तर नाहीच.

यंत्रे घातक आज्ञावलीपासून मुक्त करण्यासाठी भारत शासनाने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले असून त्याची साधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पाठाची आखणी

इयत्ता : सातवी. वेळ : एक तासिका.

उद्देश : (अ) चालू असलेले यंत्र सुरक्षित असतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांस समजावे. (आ) राउटरचे कार्य त्यांस सांगता यावे. (इ) घरातील साधनांची मुदत पाहण्याची सवय लागावी.

साहित्य : कागदाचे तुकडे, दोन पाकिटे, औषधाची रिकामी पट्टी, शक्य असल्यास बंद पडलेला राउटर.

प्रस्तावना : औषधाच्या पट्टीवरील तारीख विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावी. नंतर विचारावे : “गॅसच्या सिलिंडरवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचा आकडा असतो, तो कशासाठी?” तो पुढील चाचणीची मुदत दाखवितो, हे उत्तर काढून घ्यावे. “सिलिंडर गळत नाही, शेगडी पेटते, मग मुदत का पाहावयाची?” या प्रश्नावर विद्यार्थ्यांना बोलू द्यावे.

हेतुकथन : “आज आपण घरातील अशाच एका साधनाची माहिती घेऊ, की ज्यावर मुदत लिहिलेली नसते, पण असते.”

विषयप्रतिपादन : टपालाचा खेळ घ्यावा. एक विद्यार्थी पोस्टमन, एक बँक व चार विद्यार्थी घरे, अशी योजना करावी. पहिल्या फेरीत प्रत्येक घराने कागदावर एक आकडा लिहून बँकेस धाडावा व बँकेने “मिळाले” असे उत्तर द्यावे. दुसऱ्या फेरीपूर्वी शिक्षकांनी पोस्टमनच्या कानात सांगावे की, बँकेची पत्रे कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यास द्यावीत. तोही “मिळाले” असेच लिहील. फेरी संपल्यावर विचारावे : “फरक कोणास कळला?” बहुधा कोणासही कळलेला नसतो. येथेच पाठाचा गाभा आहे. घाई करू नये. तिसऱ्या फेरीत प्रत्येक घराने बँकेशी आधीच एक खूण ठरवावी. खोट्या बँकेस ती खूण देता येणार नाही. संकेतस्थळावरील कुलूप व ब्राउझरचा इशारा म्हणजे हीच खूण, हे समजावून द्यावे. त्यानंतर पोस्टमन म्हणजे राउटर, हे सांगून मालगुजारी तलावाच्या पाळीचे उदाहरण द्यावे.

फलकलेखन : राउटर = लहान संगणक. दोष सापडतो — कंपनी दुरुस्ती पाठविते — देखभाल संपली की दुरुस्ती थांबते — दोष राहतो. चालू म्हणजे सुरक्षित नव्हे.

उपयोजन : “काकांनी जुना राउटर शाळेस देऊ केला. तो चालू आहे. घ्यावा काय? घेण्यापूर्वी काय पाहाल?” असा प्रश्न गटांस द्यावा. काकांचा अवमान न करता नकार कसा द्यावा, याचाही विचार विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा.

स्वाध्याय : घरच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीने राउटरवरील कंपनी, नमुना व खरेदीचे वर्ष लिहून आणणे. चिठ्ठीवर पासवर्डही छापलेला असतो. तो वहीत उतरू नये व चिठ्ठीचे छायाचित्र कोणास पाठवू नये, अशी स्पष्ट ताकीद द्यावी. ज्यांच्या घरी राउटर नाही, त्यांनी घरातील मुदत असलेल्या पाच वस्तूंची यादी करावी.

समारोप

शाळेतील प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत होते. राउटरची नोंद करताना त्यापुढे नमुना क्रमांक, आवृत्ती व देखभाल संपण्याचे वर्ष एवढे तीन रकाने वाढविले, आणि दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडताना ते एकदा वाचले, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल. नवा राउटर घेण्याचा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडताना “जुना चालतो आहे की!” असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्या वेळी समितीतील पालकांना एवढेच विचारावे की, पावसाळ्यापूर्वी तलावाची पाळ कोणी पाहिली नाही, तर तलाव भरलेला दिसतो म्हणून खालच्या शेतकऱ्याने निश्चिंत राहावे काय? पालक शाळेस आपल्या पाल्याचे नाव, जन्मतारीख व स्वतःचा क्रमांक विश्वासाने देतात. ती माहिती ज्या पेटीतून जाते, तिची राखण करणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग होय.